मुक्काम : तिसरी ब

महसूल खात्यात अव्वल कारकुनाच्या पदापर्यंत चढून आणि तेथेच स्थिरावून मी तेहतीस वर्षांनी सेवानिवृत्त झालो, तेव्हा निरोपसमारंभातील शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ यांखेरीज एक जुना सलही मी घरी घेऊन आलो होतो. आणि तो असा की, ज्या दफ्तरखान्याच्या किल्ल्या निम्मी नोकरी मी कमरेला बाळगल्या, त्या दफ्तरखान्यातील सर्वांत जुन्या कागदांतले एक अक्षरही मला वाचता येत नव्हते. ते कागद मोडीत होते. एखादा शेतकरी पणजोबाच्या नावाचा दाखला मागावयास आला की मी रुमालाची गाठ सोडी, गंभीर मुद्रेने कागद उलगडी, कपाळावरचा चष्मा नाकावर आणी, त्या काळ्या वेटोळ्यांकडे काही क्षण रोखून पाही आणि 'मोडी वाचकाकडून तर्जुमा करून आणावा' असा शेरा मारी. अशा वेळी कागद मी उलटा धरलेला असतो, असे एका वृद्ध अर्जदाराने मला एकदा अत्यंत अदबीने सांगितले होते.

हा सल काढून टाकण्याचा योग २०२० साली आला. मार्चच्या २५ तारखेपासून टाळेबंदी जारी होऊन सगळा देश आपापल्या उंबरठ्याच्या आत नजरकैदेत बसला. भांडी घासणे, पापड वाळवणे, जुन्या फोटोंतील नातेवाईक ओळखणे इत्यादी उद्योग एप्रिल-मे या दोन महिन्यांत संपून गेले. आणि मृग लागता लागता नातवाच्या कृपेने माझ्या मोबाईलवर एक जाहिरात येऊन पोचली : 'घरबसल्या मोडी शिका. दर शनिवार-रविवार, सायंकाळी ५ ते ६॥.' पुण्याचे एक गुरुजी, ज्यांची हयात पेशवे दफ्तराच्या रुमालांची धूळ खाण्यात गेली होती, ते पडद्यावरून शिकवणार होते. मी त्याच दिवशी फी भरली. 'घरबसल्या' या शब्दात जो निवांतपणा सुचवलेला आहे, त्यावर मी विश्वास ठेवला. तो शब्द ज्याने प्रथम वापरला त्याच्या घरात माणसे किती होती, याची चौकशी करण्याचे मला सुचले नाही.

घरी बसून शिकण्याचा मला अनुभव नव्हता असे नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले आणि त्यानंतर काही वर्षांतच, नोकरी सांभाळून, मी त्याची बी. ए. ची पदवी घरी अभ्यास करून मिळवली होती. परंतु त्या अभ्यासाची रीत निराळी. मी पहाटे चारला उठे, वाची, आणि घर जागे होण्यापूर्वी पुस्तक मिटून ठेवी. पुस्तकाला कान नव्हते. वाचता वाचता मला डुलकी लागली तर ते लेखकाला कळत नसे, आणि 'दूध उतू गेलं, इथं बसूनसुद्धा दिसत नाही का हो?' हा सौ. चा सवाल नाशिकपर्यंत ऐकू जात नसे.

नव्या शिक्षणासाठी प्रथम घराचे वाटप करणे प्राप्त होते. साताऱ्यातील आमच्या सदनिकेत स्वयंपाकघर धरून चार दालने आहेत, आणि त्या वर्षी तीत पाच माणसे व तितक्याच कचेऱ्या नांदत होत्या. मुलाची पुण्याची कंपनी निजायच्या खोलीत मुक्कामाला आली होती आणि तिला शनिवार-रविवार असे काही वार असतात हे ठाऊक नव्हते. सूनबाई माध्यमिक शाळेत शिकवते, तिची नववीची तुकडी दुसऱ्या खोलीत भरे. नातू चिन्मय याची तिसरी हॉलमध्ये. आणि स्वयंपाकघर पूर्वापार सौ. च्या वहिवाटीत. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनींची वाटपे पाहिलेला मी. सरसनिरस वाटपाचा तक्ता मी एका बैठकीत तयार केला आणि सर्वांच्या सह्या घेतल्या. त्या तक्त्यानुसार माझ्या हिश्शाला स्वयंपाकघराच्या टेबलाची एक कड आणि धुण्याच्या यंत्रापर्यंतचा चार फुटांचा पट्टा आला, तोही सौ. चा जाण्यायेण्याचा हक्क कायम ठेवून. या मिळकतीवर कोणाचाही बोजा नव्हता, कारण ती कोणालाच नको होती.

मोबाईल उभा ठेवण्यासाठी बाजारात तिपाई मिळते, हे मला पुढे कळले. तोपर्यंत मी तो मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाला टेकवून ठेवला. १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचे हे पुनर्मुद्रण इतके भारदस्त आहे की त्याच्या आधाराने मोबाईलच काय, माणूसही उभा राहावा. अडचण एवढीच की, जुन्या कागदांतील निम्मे शब्द मला अडत, आणि अडलेला शब्द ज्या एका ग्रंथात सापडावयाचा तो ग्रंथ वर्गाचा आधारस्तंभ होऊन बसलेला. 'इरसाल' म्हणजे काय हे पाहण्यासाठी मी कोश पुढे ओढला की गुरुजी उताणे पडत, आणि वर्गातील त्रेचाळीस विद्यार्थ्यांना माझ्या छताचे व पंख्याचे दर्शन घडे. महिनाभरात तो पंखा त्या मंडळींच्या इतक्या परिचयाचा झाला की, तो फिरताना दिसला नाही तर औरंगाबादच्या एक बाई 'आज तुमच्याकडे वीज नाही का हो?' अशी आस्थेने विचारपूस करीत.

मोडीचे काही स्वभावधर्म येथे सांगितले पाहिजेत, नाहीतर पुढचा अनर्थ समजणार नाही. लोकपरंपरा तिचे जनकत्व यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्याकडे देते. आधी सबंध ओळभर शिरोरेषा ओढून घ्यावयाची आणि मग तिच्याखाली, दोरीवर धुणे टाकावे तशी, बोरू शक्यतो न उचलता अक्षरे टांगत जावयाचे. विरामचिन्हे नाहीत, वेलांटी-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ असा पंक्तिप्रपंच नाही (ही सवलत जाहीर होताच वर्गातील अनेक शुद्धलेखनपीडितांनी पडद्यावर अंगठे उंचावले), आणि शब्दाशब्दांत अंतर नाही. शब्द कोठे तुटतो हे अर्थावरून ओळखावे, आणि अर्थ लागण्यासाठी आधी शब्द तोडावा, असा तो खाक्या आहे. अशा लिपीत एखादा उपरा शब्द येऊन बसला तर त्याला हुडकून बाहेर काढणे, लग्नाच्या पंगतीत बिननिमंत्रणाचा पाहुणा ओळखण्याइतकेच कठीण.

जुलैतील एका रविवारी गुरुजींनी पेशवेकालीन पत्र संथ, खर्जातल्या आवाजात वाचून दाखवावे आणि आम्ही ते ऐकत मोडीत उतरवून घ्यावे, असा पाठ होता. 'राजमान्य राजश्री' पासून सर्व यथास्थित चालले होते. मध्येच कोणाचा तरी माईक उघडा राहिला, आणि त्या उघड्या खिडकीतून भाजीवाल्याची आरोळी आत आली. गुरुजी थांबले नाहीत. लेखण्याही थांबल्या नाहीत. पुढे तपासणीत असे उघडकीस आले की, त्रेचाळीसांपैकी अकरा जणांच्या कागदांत 'सरकारचे आज्ञेप्रमाणे रवानगी मेथी वीसला दोन केली असे' हा मजकूर एकसंध, एका शिरोरेषेखाली आणि सुवाच्य वळणात नमूद होता. एका निवृत्त अभियंत्यांनी तर फौजेच्या रसदेच्या अंगाने या वाक्याचे समर्थनही केले. 'हा पाठभेद मूळ कागदात नाही,' एवढेच गुरुजी म्हणाले. माईक कोणाचा, हे शेवटपर्यंत कोणी कबूल केले नाही. भाजीवाल्याचा आवाज मला ओळखीचा वाटला होता, हे मी येथे प्रथमच नमूद करीत आहे.

फळा नसल्यामुळे प्रत्येकाने आपले लिखाण कॅमेऱ्यासमोर धरावे असा वर्गाचा शिरस्ता होता. पहिल्याच दिवशी मी कागद धरला आणि पडद्यावर पाहतो तो काय, सगळी अक्षरे आरशातल्यासारखी उलटी. तीस वर्षांपूर्वीच्या त्या वृद्ध अर्जदाराची मला आठवण झाली आणि मी खजील झालो. नंतरचे दोन आठवडे मी मोठ्या निग्रहाने अक्षरे उलटी, उजवीकडून डावीकडे लिहिण्याचा सराव केला. त्यामुळे ती मला पडद्यावर सुलटी दिसू लागली आणि माझे समाधान झाले. गुरुजी मात्र माझ्या कागदावर येताच घुटमळत आणि 'हे जरा फारसीच्या अंगाने जाते आहे' असे पुटपुटून पुढे सरकत. पडद्यावर आपले आपल्याला दिसणारे रूप तेवढे आरशातले असते, दुसऱ्याला ते सुलटच दिसते, हे रहस्य तिसऱ्या आठवड्यात चिन्मयने मला सांगितले. त्याला ते जूनपासून ठाऊक होते. आधी का सांगितले नाहीस असे विचारता तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही विचारलंच नाही." महसूल खात्यात असता तर हा पोरगा फार वर गेला असता.

याच चिन्मयमुळे मी माझे नाव गमावले. आम्हा दोघांत मोबाईल एक. सकाळी त्यावर त्याची शाळा भरे, सायंकाळी माझी. शाळेच्या बाईंच्या आज्ञेवरून त्याने त्या यंत्रात आपले नाव 'चिन्मय, तिसरी ब' असे घालून ठेवले होते, आणि ते बदलण्याची कळ कोठे आहे हे मला कधी सापडले नाही. परिणामी मोडीच्या वर्गात माझ्या पांढऱ्या मिशांखाली ही पाटी झळके. सुरुवातीस गुरुजींना ती चेष्टा वाटली. मग सवय झाली. आणि ऑगस्टपर्यंत 'तिसरी ब साहेब, आपण वाचा' हे संबोधन इतके रूढ झाले की, औरंगाबादच्या बाईंना ते माझे आडनाव वाटू लागले.

गृहपाठ व्हॉट्सॲपच्या गटावर पाठवावयाचा असे. माझ्या मोबाईलवर दोन गट शेजारी शेजारी होते, मोडीचा आणि तिसरीचा, आणि आवक-जावकेची बारनिशी इतकी वर्षे बिनचूक सांभाळलेल्या माझ्या हातून एका सोमवारी जी चूक झाली, ती जावक कारकुनाच्या हातून झाली असती तर मी त्याची कैफियत घेतली असती. त्या आठवड्यात माझा गृहपाठ होता एक सबंध पृष्ठ मोडी, आणि त्याच्या माथ्यावर मी हौसेने शुहूर सनाची मिती घातली होती. हा सन मृगाला बदलतो, म्हणजे आपल्याकडे शाळा ज्या सुमारास उघडतात त्या सुमारास, ही गोष्ट मला फार भावली होती; हिशोब करून मी 'सु॥ इहिदे अशरीन अर्बा मया व अलफ', म्हणजे १४२१, असे लिहिले होते. चिन्मयचा गृहपाठ होता परिसर अभ्यासाचा. तिसरीला हे पुस्तक प्रत्येक जिल्ह्याचे वेगळे असते, आणि त्याला सातारा जिल्ह्यातील नद्यांचा नकाशा काढावयाचा होता. त्याने तो निळ्या पेनाने, झोपेत, एका दमात काढला होता : महाबळेश्वराकडून निघालेली कृष्णा, माहुलीला तिला येऊन मिळणारी वेण्णा, खाली कऱ्हाडला कोयना, आणि वर जिल्ह्याची हद्द म्हणून पट्टीने मारलेली एक आडवी रेघ.

नकाशा मोडीच्या गटावर गेला आणि माझे मोडी तिसरी बच्या.

गुरुजींचा अभिप्राय रात्री आला. 'तिसरी ब साहेब, प्रगती स्पृहणीय. लेखणी न उचलता लिहिण्याची सवय आता बसली. शिरोरेषा सरळ. अक्षरे ओळीखाली फार उतरतात, तेवढे आवरावे. परंतु वळणात चिटणिशी छाया दिसते. मजकूर सावकाश लावून पाहतो.' दीड महिन्याच्या माझ्या खऱ्या मोडीवर गुरुजींनी एवढ्या ओळी कधी खर्चल्या नव्हत्या. तिकडे तिसरीच्या बाईंनी माझ्या पृष्ठावर तांबड्या शाईचे वर्तुळ काढून पाठवले : 'चिन्मय, नद्या खूपच जास्त दाखवल्या आहेस. नावे लिहिली नाहीस. उरमोडी कोठे आहे?'

उरमोडी ही आमच्या जिल्ह्यातील एक सज्जन नदी आहे. पण तो प्रश्न मी त्या क्षणी ज्या अर्थाने वाचला, त्या अर्थाने त्याचे उत्तर माझ्या छातीवर हात ठेवून देता आले असते. सकाळी मी दोन्हीकडे खुलासा पाठवला. बाईंनी मोठ्या मनाने समजून घेतले. गुरुजींचे उत्तर दोन दिवस आले नाही. नंतर फक्त 'असो' आले.

पावसाळा जोरावर आला तशी आणखी एक तऱ्हा सुरू झाली. यवतेश्वराच्या डोंगरावर ढग उतरले की आमची रेंज वर निघून जाई. गुरुजींचे ओठ हलत आणि आवाज चार क्षणांनी, एखाद्या थकबाकीच्या वसुलीसारखा, तुकड्यातुकड्यांनी हाती येई. मी छत्री घेऊन गच्चीवर जाई. याविषयी मी तक्रार करणार होतो. पण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीने रेंज मिळावी म्हणून डोंगरावर झोपडी उभारून भर पावसात तेथे अभ्यास चालवला आहे, ही बातमी वाचली आणि मुकाट्याने छत्री मिटली. तिला पदवी मिळवावयाची होती. मला फक्त 'इरसाल'चा अर्थ हवा होता.

शाळेच्या इमारतीला मी आजवर गळके छप्पर, अपुऱ्या खिडक्या आणि डुगडुगणारी बाके यांवरूनच ओळखत आलो. तिच्या भिंती मुख्यतः घराला बाहेर ठेवण्यासाठी बांधलेल्या असतात, हे त्या वर्षी कळले. पूर्वी मूल शाळेत गेले की ते वर्गात काय दिवे लावते ते आईबापांस दिसत नसे आणि घरात काय शिजते ते गुरुजींना कळत नसे; दोन्ही संस्था या अज्ञानावर सुखाने चालत. आता सूनबाईच्या नववीच्या वर्गात एखाद्या मुलाला समीकरण विचारले की पडद्याबाहेरून त्याच्या वडिलांचे उत्तर येई, आणि चुकले की आईचा आवाज वडिलांना विचारी, 'मग तुम्ही दहावी पास कसे झालात?' सूनबाईला हसू आवरण्यासाठी कॅमेरा बंद करावा लागे. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर मुलांसाठी 'टिलीमिली' लागू लागली, ती चिन्मयबरोबर मीही नेमाने पाहू लागलो. तेथे कोणी आपले नाव पुकारून 'वाचा' म्हणणार नाही, ही केवढी शाश्वती!

सर्वांत मोठा बेबंदपणा माझ्याच टेबलावर चालला होता, तो मला उशिरा दिसला. मी टेबलाच्या एका बाजूला, आणि समोर भाजी निवडत, शेंगा सोलत, कणीक मळत सौ. वर्गाची फी एकाची, हजेरी दोघांची. सप्टेंबरमध्ये एका शनिवारी मी गुरुजींपुढे अडखळत असता समोरून, गवारीच्या शिरा काढता काढता, आवाज आला, "अहो, ते 'घर' नाही, 'खर्च' आहे." मी पाहिले तर खर्चच होते. त्या दिवसापासून मला कळून चुकले की, सौ. ला मोडी माझ्यापेक्षा अस्खलित वाचता येते; फक्त तिने कागद नेहमी टेबलाच्या पलीकडून पाहिलेला असल्यामुळे तिला ती उलटीच वाचता येते. सुलट कागद हाती दिला की ती निरक्षर.

परीक्षा ऑक्टोबरात झाली. तिच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. दीड तास कॅमेरा हातांवर रोखलेला ठेवावयाचा होता, म्हणून घरात कुकर लावू नये असा तोंडी हुकूम मी जारी केला आणि मंडळींनी पातेल्यात खिचडी करून तो पाळला. मी दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झालो. प्रमाणपत्र मोबाईलवरच आले, त्यावर सुरेख टपोऱ्या अक्षरांत नाव होते 'चिन्मय, तिसरी ब'. दुरुस्तीचा अर्ज मी केला नाही. दुरुस्तीच्या अर्जाचे काय होते, हे मला चांगले ठाऊक आहे.

दिवाळीत माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. तिच्यात पणजोबांच्या हातचा एक मोडी कागद आहे, तो जमिनीचा असून त्यावरून आमचा कोठेतरी मोठा मळा निघतो, अशी आमच्या कुळात तीन पिढ्यांची पक्की समजूत आहे. चुलतभावांनी तर मळ्यातील विहिरीचाही हिस्सा परस्पर ठरवून ठेवलेला आहे. मी कागद टेबलावर पसरला, मोल्सवर्थ या खेपेस मोकळा होता तो जवळ घेतला, आणि सौ. समोर बसली. पहिली ओळ लागली : गूळ, शेर अडीच. दुसरी : नारळ, नग सात. तिसरीत हिंग. मळा कोठेच निघाला नाही; ती वाणसामानाची याद होती. चौथ्या ओळीत मी 'मेथी' वाचले आणि सौ. ने पलीकडून, उलटे वाचून, तेच सांगितले. परंतु नेमक्या त्याच वेळी खाली रस्त्यावर भाजीवाला आलेला होता, आणि त्यामुळे या दोन साक्षी स्वतंत्र पुरावा म्हणून दाखल करून घ्याव्यात की नाहीत, याचा निर्णय मी तूर्त तहकूब ठेवला आहे.